पान लागलं

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या एका प्रश्नावर मी किती पोरांचे अर्धे अर्धे गुण कापले असतील, त्याला गणती नाही. स्वभावच तसला. समोरचा ‘नाय’ म्हणाला की माझ्या तोंडून ‘नाही’ बाहेर पडलंच म्हणून समजा, मग तो भाजीवाला असो नाहीतर व्याही. अशा मला एका बाईने दोन साधे मराठी शब्द सांगितले, तिचा जीव त्या दोन शब्दांवर होता, आणि मला ते कळले नाहीत. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहूनच टाकते.

कुंभिवलीजवळ, हायवेचा आवाज येईल पण गाड्या दिसणार नाहीत इतकं आत आमचं घर आहे. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला. रिटायर झाल्यावर पहिलं वर्षभर मी नुसती चिडचिड करत घरात फिरले. मग एकदा सुट्टी संपवून नात परत गेली आणि तिची रंगांची पेटी इथेच राहिली. दुपारी कपड्यांच्या दोरीवर बुलबुल बसला होता, तो काढून बघितला. तुरा लावलेला बटाटा झाला. मला माझाच राग आला. एवढासा पक्षी, रोज समोर बसतो, आणि त्याचं पोट कुठे संपतं नि शेपूट कुठे सुरू होतं हे मला माहीत नसावं? दुसऱ्या दिवशी परत काढला. जरा कमी बटाटा झाला.

तेव्हापासून मी पार बिघडले. दयाळ शेपूट उभारतो तेव्हा पंख किंचित खाली पाडतो. शिंजीर जास्वंदीत चोच घालताना उलटा लटकतो, आणि त्याच्या गळ्याचा रंग मान वळेल तसा काळ्याचा जांभळा होतो. हे सगळं माझ्या परसात इतकी वर्षं फुकट चाललं होतं आणि मी गॅसवर दूध बघत बसले होते. सकाळी सात ते नऊ मी पडवीत फळी मांडीवर घेऊन बसायची. त्या दोन तासांत माझ्या परसाला शाळेपेक्षा कडक शिस्त. दूधवाल्याने फाटकाबाहेरूनच पिशवी अडकवायची. फाटकाच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, वाजू नये म्हणून. नऊच्या आत कुकर लावायचा नाही. आणि बोलायचंच झालं तर कुजबुजत.

हे सगळं निमूट सोसायची ती आमची मावशी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण सगळी आळी तिला मावशी म्हणते, म्हणून मीही. हायवेपलीकडच्या गावातली. घरचं थोडं भात, नवरा कंपनीत रात्रपाळीला, लेक दिल्या घरी. ती सातला यायची, बाग बघायची, मग भांडी. मी तिला ‘आमी नव्हे, आम्ही’ असं दिवसातून चारदा सांगायची. ती ‘बरं बाई, आम्मी’ म्हणायची आणि पदराआड हसायची.

माझी चित्रं तिला आवडत. लाजत लाजत मागे येऊन उभी राहायची. तिला माझी भाषाही कळायला लागली होती. गाणारे ‘सूर लागला’ म्हणतात ना, तसं मी ‘आज पिवळा लागला’, ‘चोच लागली’ म्हणायची. एकदा मी दोन दिवस कुरकुरत होते की काही केल्या डोळा लागत नाही. तिने मला रात्री जायफळ घालून दूध प्यायला सांगितलं. मी बुलबुलाच्या डोळ्याबद्दल बोलत होते. त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. पुढे तीच विचारायची, ‘आज काय लागलं, बाई?’

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. उंबराखाली पडलेला पातेरा मी तिला उचलू देत नसे. त्या वाळक्या पानांत सातभाई उतरायचे, चोचीने पान न् पान उलटायचे, किडे खायचे, आणि मला काढायला सात माना एकदम मिळायच्या. ती म्हणायची, ‘बाई, उचलते मी हे. पावसाचं दमट हाय, काय बाय येऊन बसतंय.’ मी म्हणायची, ‘राहू दे.’ तिने तीनदा सांगितलं असेल, मी तीनदा तिला गप्प केलं.

दसरा होऊन गेला होता. शिवारात भातं कापणीला आली होती. त्या दिवसांत आमच्या उंबरावर हळद्या येतो. हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा, डोळ्यावरून काळी रेघ. बासरीसारखी शीळ घालतो, पण दिसेल तर शपथ. पानांआड बसतो, जरा मान वर केली की पलीकडच्या फांदीवर. दोन आठवडे मी त्याच्यासाठी बसत होते. कागदावर नुसता पिवळा वाळवून वाळवून वीस ठिपके करून ठेवले होते, की तो आला की रंग शोधायला वेळ जायला नको. तो मला हवाच होता. या वयात कसली एवढी हाव, असं कुणी म्हणेल. होती खरी.

त्या सकाळी तो उंबरातून खाली उतरला आणि पपईच्या देठावर येऊन बसला. उघड्यावर, माझ्यापासून पंधरा पावलांवर. मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने सवयीप्रमाणे लिहिलं, ७.४०, ऊन डावीकडून. उजेड कुठला होता हे नंतर विसरायला होतं, म्हणून मी प्रत्येक चित्रावर वेळ लिहिते.  आधी पाठीची रेघ घेतली, मग त्याच्यामागचं पपईचं पान ओल्यातच सोडलं, आणि ते पान असं काही उतरलं की मी श्वास धरला.

तेवढ्यात पडवीच्या पायरीखालून, माझ्या मागच्या अंगाने, मावशीचा आवाज आला. हळू, मी शिकवला होता तसा, कुजबुजत.

‘बाई, पान लागलं.’

मी वळले नाही. ‘हो, लागलं,’ मी म्हणाले. ‘दोन मिनिटं थांब गं. हलू नकोस बिलकूल.’

ती थांबली.

ज्यांना ते दोन शब्द कळले त्यांना माझा राग इथूनच यायला लागला असेल. येऊ दे. ज्यांना नसतील कळले, त्यांना मी सांगते, कारण मला कळायला बावीस मिनिटं लागली आणि तुम्हाला तेवढी लागू नयेत. इकडे गावांत सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, किंवा विष चढतं, असं मानतात. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. आणि कुणाला साप चावला की चावला असं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. आमचं माहेर कर्जतच्या बाजारपेठेतलं. वडील वकील, शेताशी संबंध सातबाऱ्याच्या कागदापुरता. आमच्याकडे सापाला साप म्हणत. तिने मला वाक्यात उपयोग करून दाखवला होता, अर्थ मला येत नव्हता.

मग मी त्या बावीस मिनिटांत काय केलं? पक्षी रंगवला. छातीचा पिवळा आधी पातळ, मग दाट. तो मान तिरकी करून पपईतला गर काढत होता. डोळ्याची काळी रेघ घेताना मी जीभ दातांत धरली होती. मागे मावशी पायरीला टेकून खाली बसल्याचं मला जाणवलं, बांगड्या किणकिणल्या. मी मान न वळवता ‘शू’ केलं. हो, तेही केलं. एकदा ती काहीतरी पुटपुटली, देवाचं नाव असावं. मला वाटलं, पक्षी बघून म्हणतेय. त्या वेळात तिचा हात बोटांपासून मनगटापर्यंत सुजत होता, आणि ती आवाज न करता बसली होती. मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

हळद्या उडाला. मी कोपऱ्यात लिहिलं, ८.०२. फळी हातात घेऊन मी वळले, ‘बघ गं मावशी, बघ, आज सगळंच लागलं,’ म्हणत.

तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. उजवा हात मांडीवर होता, आणि तो तिचा हात वाटतच नव्हता. करंगळीच्या बुडाशी दोन ठिपके, त्यातून रक्त झिरपतंय, थांबत नाही. पातळाला डाग.

‘अगं, हे काय झालं?’

‘सांगितलं नाय का तुमाला. पान लागलं.’

‘कसलं पान? खाजकुयली लागली का?’

तिने माझ्याकडे बघितलं. अजून डोळ्यांसमोर आहे ते बघणं. मग डाव्या हाताने तिने हवेत एक नागमोडी रेघ काढली आणि उंबराखालच्या पातेऱ्याकडे बोट केलं. ‘जाडजूड होतं,’ ती म्हणाली, ‘अंगावर साखळी. कुकरवानी फुसकारलं.’

घोणस. चित्रात बघितलेली. मी पायरीवरच बसले. ‘साप?’ मी ओरडले. ती घाईने म्हणाली, ‘नाव नका घेऊ, बाई.’

आता शिकलेली बाई काय करते बघा. मी घरात धावले, सुतळी आणली आणि तिच्या दंडाला गच्च आवळून बांधली. कधीकाळी शाळेच्या पुस्तकात होतं तसं. मग मला सुचेना. मावशीने तोंडाने कमरेची पिशवी दाखवली, मी तिचा फोन काढला, तिच्या नवऱ्याला लावला. तो पाळी संपवून कंपनीच्या गेटवर होता. मी काय बोलले मला आठवत नाही, सुतळी बांधलीय एवढं बोलले असेन. तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, ‘सोडा ती. बाई, आधी सोडा. कंपनीत शिकवलंय आमाला, आवळायचं नाय. हात फळीला सैल बांधा, हलू देऊ नका. बांगड्या वाढवा तिच्या, अंगठी काढा, नायतर सुजेत रुततील.’

बांगड्या वाढवणं म्हणजे फोडणं. फोडणं म्हणायचं नसतं, म्हणून वाढवणं. हा वाक्प्रचार मला येत होता. हा मी दरवर्षी शिकवलेला, याला दोन गुण.

मी सुतळी सोडली, पण मावशी बांगड्यांना हात लावू देईना. ‘माझा नवरा जिता हाय,’ ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोन तिच्या कानाला धरला. तिकडून काय बोललं गेलं ते मला ऐकू आलं नाही. तिने हात पुढे केला. मी खलबत्त्याच्या दांड्याने एकेक हिरवी बांगडी वाढवली. अंगठी साबण लावूनही निघेना, तेव्हा तुपाने निघाली.

फळी म्हणजे माझी चित्राची फळीच होती. चिमटे काढून कागद सोडवला. तो मी फेकला नाही. ओला होता, तो मी नीट आडवा करून टेबलावर ठेवला, वर पुन्हा वाऱ्याने उडू नये म्हणून वाटी ठेवली. त्या घाईत माझ्या हातांनी तेवढं केलं. हे कुणी बघितलं नाही, पण केलं. मग तिचा हात फळीवर ठेवून ओढणीने सैल बांधला आणि गाडी काढली.

गाडी मी खालापूरच्या बाजारापलीकडे कधी नेलेली नाही. ह्यांच्या मागे उगीच विकली नव्हती इतकंच. जुन्या हायवेला लागल्यावर ट्रक दोन्ही बाजूंनी असे जायला लागले की मी स्टिअरिंगला चिकटले. आठची पाळी सुटायची वेळ. एका कारखान्याच्या गेटसमोर लांबलचक ट्रेलर आडवा वळत होता, त्याच्यामागे बसेस, त्यांच्यामागे मी. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पुढचा बसवाला उतरून शिव्या द्यायला आला, आत डोकावला, फळीवरचा हात बघितला आणि काही न बोलता पळत पुढे गेला. त्याने ट्रेलर मागे घ्यायला लावला. कोण होता, मला माहीत नाही.

 मी मावशीला विचारलं, दुखतंय का? ‘जळतंय,’ म्हणाली. दवाखान्याच्या अलीकडे तिने खिडकीतून बाहेर थुंकलं. मी बघितलं नाही असं दाखवलं. थुंकीत रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, बावीस मिनिटं. ती बावीस मिनिटं मी घालवली नसती तर आत्ता आम्ही दवाखान्यात असतो.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मावशीला झोपवलं, हात बघितला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘किती वाजता चावला?’

‘सात चाळीस.’

‘नक्की?’

‘लिहून ठेवलंय,’ मी म्हणाले, आणि मला चित्राचा तो कोपरा आठवला.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊला दहा कमी. ‘मग इतका वेळ?’

दारात मावशीचा नवरा उभा होता. हातात हेल्मेट, अंगात कंपनीचा शर्ट. तोही माझ्याकडे बघत होता. चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, खोटं बोलू नये.

‘रस्त्यात ट्रेलर आडवा होता,’ मी म्हणाले.

ट्रेलर आडवा होता हे खरंच होतं. त्याच्याइतकं नीच खरं मी दुसरं बोलले नाही. नवऱ्याने मला हात जोडले. ‘बाई, तुमी होतात म्हणून,’ तो म्हणाला. मावशी पलंगावरून ऐकत होती. 

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दुसऱ्या हातातून रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडला उभी केली. म्हणाल्या, वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही, टेबलालाही धक्का द्यायचा नाही. रक्त गोठलं तर विष रक्तात उतरलेलं नाही. नाही गोठलं तर उतरलंय. तोपर्यंत सलाईन.

मी त्या नळीसमोर बसले. मला बसायला येतं, न हलता, वीस मिनिटं. तेवढंच मला येत होतं. घड्याळाचा काटा पुढे सरकत नव्हता. सकाळचीही वीसच मिनिटं होती, तेव्हा ती कशी गेली मला कळलंसुद्धा नव्हतं. शेजारी नवरा उभा होता, त्याच्या बुटाची टाच सारखी जमिनीवर आपटत होती. टेबल हलेल म्हणून मी त्याला ‘शू’ करणार होते. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी नळी उचलून हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं. अर्ध्या तासात मावशीला अशी थंडी भरली की पलंग खडखडायला लागला, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरीणबाई धावल्या, सलाईन थांबवलं, इंजेक्शन दिलं, पुन्हा सुरू केलं. आम्हाला बाहेर काढलं. नवरा भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याच्या मुठीत मावशीची अंगठी होती, मीच दिलेली. तो एकदाच बोलला. ‘लई सोसते ती, बाई. दुखलं तरी बोलायची नाय. तुमी विचारलंत म्हणून कळलं असेल तुमाला.’

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मला वाटलं, ही गेली तर? मग हा माणूस आयुष्यभर काय धरून बसेल? असं मी मनाला सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की मला त्याची भीती वाटत होती.

दुपारची दुसरी नळीही वाहिली. अजून औषध दिलं. संध्याकाळी मावशीची लेक आली, माझ्या पाया पडली, आणि मला घरी पाठवलं. घरी टेबलावर वाटीखाली तो कागद वाळला होता. मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं चित्र. मी तो उलटा करून कपाटात टाकला, तो अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर लेक पायरीवर बसून रडत होती.  जवळ गेल्यावर ती म्हणाली, ‘गोठलं, बाई. रगत गोठलं.’ मी तिथेच तिच्या शेजारी बसले आणि दोघी रडलो. करंगळीचं काय होतंय ते बघावं लागेल, पण जीव वाचला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मावशी उशीला टेकून बसली होती. हात अजून कोपरापर्यंत काळानिळा, पण तोंडावर तिचा रंग परत आलेला. लेक घरी गेली होती, नवरा दाराशी फोनवर बोलत होता. मी स्टूल ओढून बसले. रात्रभर वाक्यं जुळवून आले होते, एकही आठवेना.

‘मावशी,’ मी म्हणाले, ‘त्या सकाळी मला कळलं नाही गं, तू काय म्हणालीस ते.’

तिने पटकन दाराकडे बघितलं. ‘हळू बोला. त्यांना ऐकू जाईल.’

‘जाऊ दे. मला वाटलं, तू चित्रातल्या पानाबद्दल बोलतेयस.’

‘असूं दे, बाई.’

‘असू दे काय? पान लागलं म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं. आईशपथ सांगते.’

ती हसली. पोराने गृहपाठ हरवला म्हणून सांगावं आणि मी तेव्हा जशी हसायची, तशी. ‘तुमाला?’ ती म्हणाली. ‘सगळ्या तालुक्याच्या पोरांना मराठी शिकवलंत. आमच्यात शेंबड्या पोराला ठावं हाय ते. आन् तुमाला नाय?’

 ती डाव्या हाताने चादरीची सुरकुती सारखी करत राहिली.

‘तुमी हो म्हणालात. हलू नको म्हणालात, ते बराबरच हाय, हलायचं नसतंच. दोन मिन्टं म्हणालात. मी म्हटलं, बाईंना कळलंय, पण इतक्या दिसांनी पाखरू बसलंय, तेवढं होऊ दे त्यांचं. मग मी गप बसले.’

‘आणि मी उठलेच नाही, तेव्हा तुला काय वाटलं?’

तिने जरा विचार केला. ‘राग नाय आला,’ ती म्हणाली. ‘वाटलं, येतील.’

‘मावशी, मला खरंच कळलं नव्हतं.’ मी हे तिसऱ्यांदा म्हणत होते. माझा आवाज चढला होता. दारातून नवऱ्याने वळून बघितलं.

‘बरं, बाई,’ ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारत म्हणाली, ‘अहो, बाईंना चहा आणा. त्यांना बरं वाटत नाही.’